व्हिएन्नात मावळतीकडं तोंड करून

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी भोरच्या बाजारात निघाले की अजून दुप्पट वेळ लागतो. जो भेटेल तो थांबवतो. तिकडं थंडी किती, खाल्लं काय, तिकडं मुसलमान असतात का, साडी बघून लोक हसतात का. शेजारच्या वत्सलाबाईंनी तर विहारातल्या बायकांना सांगूनच टाकलंय की हमिदाबाई सगळं लिहून काढणार आहेत. आता त्यांनी शब्द दिलाय म्हटल्यावर लिहिणं आलं. विंझरच्या शाळेत सातवीपर्यंत गेले, तेवढंच शिक्षण. पुढचं वाचन झालं ते पिको-फॉलच्या मशीनवर, साड्या गुंडाळून यायच्या त्या वर्तमानपत्रांवर. तेव्हा सांभाळून घ्या.

एक आधीच सांगते, मी फिरायला गेले नव्हते. माझी लेक शाहीन व्हिएन्नात इस्पितळात नर्स आहे. चार वर्षं झाली. उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"अम्मी, एक मुलगा हाय."

"कुठला?"

"हितलाच. म्हणजे मूळचा बोस्नियाचा."

"त्ये कुठल्या तालुक्यात येतं?"

ती हसली. म्हणाली, "मुसलमान हाय. एमिर नाव हाय. तू ये आणि बघ. तू नको म्हणालीस तर विषय संपला. मी रडणार न्हाई, रागवणार न्हाई."

पोरगी भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. हे असं सगळं माझ्यावर टाकून मोकळी झाली, त्यानं मला झोप येईना. तिचे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ते असते तर दोघांनी मिळून घोळ घातला असता. आता एकटीनं घालायचा होता. माझे मोठे दीर विंझरला असतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "हमिदा, तिकडचे मुसलमान नुसते नावाचे. जा, डोळ्यांनी बघ. आणि नाही म्हणायचं तर तिथंच म्हण, फोनवर म्हणू नकोस. पोरीला तोंडावर सांगावं."

विमानाचं सांगत नाही, त्यात बसून राहण्यापलीकडं काही नसतं. सामानात पाच किलो आंबेमोहोर, लसणाची चटणी, आणि प्लास्टिकचा एक बदना. बदना म्हणजे आमचा तोटीचा तांब्या. तिकडं संडासात पाणी नसतं, कागद असतो, हे ऐकून होते. शाहीननं बॅग उघडली आणि कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात बघते तर माझा बदना भरून ठेवलेला.

मंगळवार ते बुधवार, शाहीनचं घर

चौथा मजला, एक खोली, एक छोटं स्वयंपाकघर. नोव्हेंबरचा महिना. आभाळ असं की वर कोणीतरी राखाडी गोधडी टाकलीय. पाच दिवसांत मला सूर्य एकदाही दिसला नाही. आमच्याकडं पावसाळ्यात वेल्ह्याला असं होतं, पण तिथं निदान पाऊस असतो. हितं नुसतंच झाकलेलं.

आल्या आल्या मी विचारलं, "मावळत कुठली गं?"

शाहीन कांदा चिरत होती. सुरीनंच खिडकीबाहेर दाखवलं. "ती लांब टेकडी दिसती ना, द्राक्षांचे मळे हायत तिथं. तिच्या मागं मावळतो. दिसला तर."

मी तिकडं तोंड करून जानमाज अंथरला. झोपताना पाय तिकडं होऊ नयेत म्हणून सोफा फिरवायला लावला. आमच्या घरात हे लहानपणापासून. मावळतीकडं मक्का. तिकडं पाय करायचे नाहीत, तिकडं थुंकायचं नाही. विंझरला पोराला नमाज शिकवताना पहिलं हेच शिकवतात, सूर्य बुडतो तिकडं तोंड कर.

नळाचं पाणी तिथं तसंच पितात. डोंगरातून येतं म्हणे. मी एक पेला प्याले आणि मला वेल्ह्याकडच्या झऱ्याची आठवण झाली, गारठ्यानं दात ठणकले अगदी. रस्त्यात एवढी शांतता की माझी चप्पल वाजली तर मीच मागं बघायची. मोजे घालून चप्पल, साडीच्या आत लोकरीची विजार, वर शाहीनचा कोट. आरशात बघितलं तर आपणच आपल्याला ओळखू नये.

साडीवर मात्र कोणी हसलं नाही. ट्राममध्ये एका म्हाताऱ्या बाईनं पदराचा काठ बोटानं दाखवून "शोन" म्हटलं, म्हणजे छान. पण त्याच ट्राममध्ये पुढच्या बाकावर कॉलेजातली एक पोर डोक्याला नीट रुमाल बांधून बसली होती. तिच्याकडं तीच बाई दोनदा बघून बाहेर बघायला लागली. डोकं माझंही झाकलेलं होतं, तिचंही. माझा पदर बघून मी कोण ते त्यांना कळतच नव्हतं, म्हणून मी छान होते. उतरताना मी त्या पोरीला सलाम केला. ती आधी दचकली आणि मग एवढं गोड हसली की अजून डोळ्यांसमोर आहे.

मटणाच्या दुकानात तर कमालच झाली. मालक तुर्कस्तानचा. माझी साडी बघून तो शाहीनला म्हणाला, या बाईंना सांग, हे हलाल आहे, त्यांना चालेल का? मी म्हटलं, "अस्सलामु अलैकुम." त्याच्या हातातला सुरा तसाच राहिला. मग त्यानं पाव किलो खिमा वरनं घातला. शाहीनला म्हटलं, ह्याला सांग, माझे दीर विंझरला मुलाणी हायत. कोणाच्या घरी जावळ असू दे, जत्रा असू दे, मराठ्यांचं बकरंसुद्धा त्यांनीच बिस्मिल्ला म्हणून कापायचं, त्याशिवाय ती माणसं खात नाहीत. त्याला ते पटेना. हिंदू लोक हलाल मागतात? दोनदा विचारलं त्यानं. जगात काय काय असतं ते आपल्याला जसं माहीत नसतं तसंच त्यांनाही नसतं, एवढंच.

गुरुवार, एमिर

एमिर ट्राम चालवतो. हे शाहीननं मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिला माहीत होतं मी काय बघेन ते.

आम्ही त्याच्या ट्राममध्ये पहिल्याच बाकावर बसलो. बोलायला बंदी असते, काचेआड असतो तो. मला फक्त पाठ आणि हात दिसत होते. शाहीनचे अब्बा म्हणायचे, ड्रायव्हरचा स्वभाव ब्रेकमध्ये कळतो. वेग कोणालाही येतो, थांबणं येत नाही. मी पंधरा थांबे मोजले. एकदा एक सायकलवाला आडवा आला, तेव्हाही उभी माणसं जागची हलली नाहीत.  उतरताना शाहीन माझ्या तोंडाकडं बघत होती.

ड्यूटी संपल्यावर तो आम्हाला खानावळीत घेऊन गेला. उंच, केस कमी झालेला, पस्तिशीचा माणूस. माझ्यासाठी खुर्ची ओढली. सगळं चांगलं चाललं होतं. मग त्याच्यासमोर एक मोठा पेला आला. पिवळं, वर फेस.  दिरांचे शब्द आठवले. मी ताट बाजूला केलं आणि सगळ्या प्रश्नांना नुसती मान हलवत बसले. घरी आल्यावर शाहीन म्हणाली, "काय झालं गं तुला?"

"माझ्यासमोर दारू पितो. आईसमोर. एवढी तरी लाज असावी."

"कुठली दारू?"

"डोळे फुटले न्हाईत माझे."

शाहीन खुर्चीवर बसून हसायलाच लागली. सफरचंदाचा रस होता तो, सोडा घातलेला. तिकडं त्याच पेल्यात देतात. दुसऱ्या दिवशी तिनं मला आणून प्यायला लावला. चांगला लागतो. पण तोपर्यंत बिचाऱ्याची एक संध्याकाळ मी नासवली होती.

मग मी इस्तिखारा करायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मन दोन्हीकडं ओढत असलं की आम्ही दोन रकात नमाज पढतो आणि अल्लाकडं कौल मागतो. मग बघायचं मन कुठं झुकतंय. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस रात्रीच्या, इशाच्या नमाजनंतर मी पढले. त्या टेकडीकडं तोंड करून.

शनिवारपर्यंत मन जड झालं. नको वाटायला लागलं. मुलगा वाईट नव्हता, ब्रेकसुद्धा चांगला होता. पण ही पोर हितं लग्न करून बसली की परत येणार नाही. आजारी पडली तर उशाशी कोण? हिची पोरं मला काय म्हणून हाक मारणार आणि मला काय कळणार? मी ठरवलं, कौल मिळाला. रविवारी त्याच्या आईकडं जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं की परत येताना शाहीनला सांगायचं, नको.

रविवार, सेनिहाबाईंच्या घरी

एमिरच्या आईचं नाव सेनिहा. माझ्याच वयाची. तिचा नवरा तिकडच्या लढाईत गेला, आणि ती दोन वर्षांच्या एमिरला घेऊन व्हिएन्नात आली. तेव्हापासून शाळांमध्ये साफसफाईचं काम केलं, आता निवृत्त.

दारातच चपला काढून ठेवायला फळी होती. मला बरं वाटलं. न्हाणीघरात गेले तर कोपऱ्यात तोटीचा तांब्या, पितळी. मी बाहेर येऊन शाहीनला म्हटलं, "बघ, आणि तू मला हसलीस." सेनिहाला विचारलं तर ती त्याला इब्रिक म्हणते.

आंबेमोहोराची पिशवी दिली. तिनं तोंड उघडून नुसता वास घेतला आणि डोळे मिटले. तिनं कोबीच्या पानात खिमा-तांदूळ गुंडाळून शिजवलं होतं. आमची अळूवडी जशी गुंडाळतात तसंच, फक्त तळलेलं नाही. मी तीन खाल्ले. आम्हाला एकमेकींची भाषा कळत नव्हती, पण साबणाला ती सापुन म्हणते, चहाला चाय म्हणते, बदामाला बादेम. एक शब्द जुळला की दोघी टाळ्या द्यायचो. मला आतून चोरट्यासारखं होत होतं. ही एवढ्या मायेनं वाढतेय आणि मी नको म्हणायला आलेय.

जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजची वेळ झाली. तिनं बैठकीत दोन जानमाज शेजारी शेजारी अंथरले. मी बघितलं तर दिशा चुकलेली! खिडकीतून तीच टेकडी दिसत होती, आणि ही भलतीकडंच, टीव्हीच्या कोपऱ्याकडं. मला वाईट वाटलं. म्हटलं, इतकी वर्षं बिचारीला कोणी सांगितलं नाही. मी हातानं खिडकी दाखवली, "मावळत तिकडं हाय, सेनिहाबाई," आणि माझा जानमाज फिरवला. तिनं माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. आपल्या जागी उभी राहिली.

अशा आम्ही दोघी बायका एका खोलीत, एकमेकींना जवळजवळ पाठ करून, एकाच अल्लाची नमाज पढत होतो. नमाज संपवून सलाम फेरला तर दारात शाहीन आणि एमिर उभे. शाहीनचा चेहरा पांढरा.

"अम्मी, तू पाच दिवस अशीच पढतीयस?"

"अशीच म्हंजे? मावळतीकडं."

"अगं, तू मला मावळत विचारलीस! किब्ला कुठला, मक्का कुठं, ते विचारलं असतंस तर..."

"त्यात काय फरक हाय?"

एमिरनं मग आम्हाला टेबलापाशी बसवलं. त्यानं टेबलाच्या उजव्या कडेला माझा कॉफीचा पेला ठेवला. म्हणाला, भोर. मध्ये साखरेचं भांडं, मक्का. डावीकडं पार वर पावाची टोपली, व्हिएन्ना. मग माझं बोट धरून पेल्यावरनं साखरेवर नेलं, आणि तिथनं पुढं टोपलीपर्यंत. शाहीन म्हणाली, "कळलं का? तू मक्का ओलांडून पुढं आलीस. आता ती मागं राहिली."

काय सांगू मला काय झालं ते. साठ वर्षांची बाई, पन्नास वर्षं नमाज पढतेय, आणि पाच दिवस पाठ करून बसले. पहिला राग शाहीनवर आला. "पण तुला तरी कसं दिसलं न्हाई? त्याच खोलीत हुतीस की."

तिनं खाली बघितलं. त्या खोलीत तिनं स्वतः कधी जानमाज अंथरला असता तर तिला पहिल्याच दिवशी दिसलं असतं. ते मला कळलं, मला कळलं ते तिलाही कळलं. परक्या घरात मी ते उकरलं नाही.

सेनिहा मला थोपटत होती. एमिर तिचं बोलणं जर्मनमध्ये सांगायचा, शाहीन मला मराठीत. ती म्हणाली, तुम्ही पाहुण्या होतात, म्हणून टोकलं नाही. नकळत दिशा चुकली तरी नमाज होते, काळजी करू नका.

"नमाजचं न्हाई वो," मी म्हटलं. "माझा इस्तिखारा गेला!"

तो शब्द तिला भाषांतराशिवाय कळला. "इस्तिहारा?" ती माझ्याकडं बघत राहिली, मग छातीवर हात ठेवून बोलली.  तिनं एमिरच्या दंडावर चापट मारली, सांग म्हणून. त्यानं शाहीनला सांगितलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात," शाहीनचा आवाज बारीक झाला होता, "मी पण केला. चार दिवस. मी तर बरोबर दिशेला तोंड करून विचारलं, तरी उत्तर आलं न्हाई."

मला हसू आलं. सेनिहाही हसली. पण पोरं हसेनात. मी विचारलं, "पण तुमी कशापायी केला?"

कारण तिनं एमिरला या लग्नाला नको म्हटलं होतं. महिनाभर झाला होता. शाहीनला हे माहीत नव्हतं, मला सांगता सांगता तिला कळत होतं. सेनिहा सावकाश बोलत होती, डोळे पुसत नव्हती. मुलगी चांगली आहे. पण ती रोज आईला फोन करते. एक दिवस आई आजारी पडेल, आणि ती याला घेऊन त्या साखरेच्या भांड्यापलीकडं जाईल. मी एकदा सगळं सोडून आले. त्यातनं उरलाय तो एवढाच.

तीन दिवस मी जे रडत होते तेच हिचं रडणं, फक्त उलटीकडनं. हे मला कळायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर आधी तो विचार आलाच नाही. आधी आला तो राग. माझ्या लेकीला नको म्हणणारी ही कोण?

"शाहीन, सांग त्यांना," मी म्हटलं. "सांग, अशी पोरगी तुमाला दिवा घेऊन शोधली तरी गावायची न्हाई."

"अम्मी, मी कसं सांगू? माझंच..."

"सांग म्हणते ना. हिच्या अब्बांना लकवा झाला तवा दिवसा कॉलेज करून रातभर ह्यांच्या उशाशी बसायची. एक दिवस तोंड वाकडं केलं न्हाई. सांगितलंस?"

शाहीन सांगत होती. कान लाल झाले होते.

"गाळू नगंस, मला कळतंय तू थोडंच बोललीस. सांग, हितली भाषा शिकायला घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या हुत्या. मीठ, साखर, डाळ. पास झाली पहिल्या फटक्यात. भात तेवढा तिला येत न्हाई, त्ये पण सांग, खोटं नगं. आणि सांग, पहिल्या हिवाळ्यात हितं एकटीनं आठ दिवस ताप काढला. मला फोनवर हसत हुती, जेवले म्हणत हुती. आईला घोर नगं म्हणून."

शाहीन थांबली. तिनं ते जर्मनमध्ये सांगितलंच नाही. माझ्याकडं वळली.

"तुला माहिती होतं?"

"आवाजावरनं कळलं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू लपवत हुतीस. मग मी पण लपवलं."

 एमिरनं शाहीनच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच काहीतरी विचारलं, तेव्हा तिनं त्याला सांगितलं, आणि त्यानं आईला. सेनिहानं ते ऐकून घेतलं. मग तिनं मला एकच विचारलं. हे सगळं तुम्ही तुमच्या मुलीला याआधी कधी बोलला होता का?

"न्हाई," मी म्हटलं. "तुमी बोलला का एमिरला, की उरलाय तो एवढाच?"

तिनं मान हलवली. नाही.

मग मला कळलं, तीन दिवस मन नको म्हणत होतं ते माझं मन होतं. अल्लाचं नाव मी पुढं केलं होतं, म्हणजे पोरीला तोंडावर सांगताना माझ्यावर काही येऊ नये. दिशा चुकली म्हणून बरंच झालं म्हणायचं, नाहीतर तो कौल मी खराच धरून बसले असते. पण आता कौल नव्हता. ना माझ्याकडं, ना तिच्याकडं. दोघींनाच काय ते ठरवायचं होतं.

आधी कोणी बोलायचं हे त्यांच्यात कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं मुलाकडचे विचारतात. म्हणून मी पदर सारखा केला आणि बसून राहिले. शाहीन माझ्याकडं बघेना, एमिर आईकडं बघेना.  मग सेनिहा उठली. डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला. टेबलाला वळसा घालून माझ्यापुढं आली. पोरांना हातानं थांबवलं, तुम्ही मध्ये पडू नका म्हणून. माझे दोन्ही हात धरले आणि तिच्या भाषेत, सावकाश, मला विचारलं.

त्यातला एकही शब्द मला कळला नाही. मी व्हय म्हटलं.